कणा आणि आकलन : स्पायना बिफिडासह जन्मलेल्या मुलांचा बोधात्मक विकास

स्पायना बिफिडा म्हणजे गर्भावस्थेत पाठीचा कणा पूर्ण न मिटल्यामुळे राहिलेली फट. बाळाच्या पाठीवरची गाठ किंवा उघडी जखम सर्वांना दिसते. पाय किती हलतात हेही लगेच कळते. त्यामुळे घरच्यांचा पहिला प्रश्न मूल चालेल का, हाच असतो. बुद्धीचा प्रश्न मागे पडतो, आणि विचारला गेलाच तर 'बुद्धी चांगली आहे ना?' इतक्या ढोबळ शब्दांत विचारला जातो. त्याला हो किंवा नाही असे उत्तर देता येत नाही. या मुलांचा बोधात्मक विकास असमान असतो. काही क्षमता वयाबरोबर नीट वाढतात, काही वर्षानुवर्षे मागे राहतात. या असमानतेला एक ठरावीक घडण आहे. ती ओळखता येते, तिची कारणे बऱ्याच अंशी मेंदूच्या रचनेत दाखवता येतात आणि तिच्यानुसार शिकवण्याची पद्धत बदलता येते.

गर्भधारणेनंतरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात गर्भाच्या पाठीवरची पेशींची सपाट पट्टी दुमडून तिची नळी होते. हीच मज्जानलिका. तिच्या वरच्या टोकापासून मेंदू घडतो, उरलेल्या भागापासून मज्जारज्जू. साधारण २८ व्या दिवसापर्यंत ती मिटते. अनेक स्त्रियांना तोवर दिवस गेल्याचेही कळलेले नसते. नळी खालच्या बाजूस उघडी राहिली की स्पायना बिफिडा होतो. त्याचा सौम्य प्रकार, म्हणजे त्वचेखाली झाकलेली मणक्यातली बारीक फट, पुष्कळ निरोगी माणसांत एक्स-रे काढताना योगायोगाने सापडतो. बुद्धीशी त्याचा काही संबंध नाही. येथे विचार करायचा आहे तो उघड्या प्रकाराचा. वैद्यकात त्याला मायलोमेनिंगोसील म्हणतात, आणि त्यात मज्जारज्जूच पाठीवर उघडा पडलेला असतो.

'स्पायना बिफिडा' हे नाव अॅमस्टरडॅमचे डॉक्टर निकोलास टुल्प यांनी १६४१ मध्ये वापरले. त्याचा मेंदूशी असलेला संबंध कळायला मात्र अडीचशे वर्षे जावी लागली, आणि तो कळला तो बहुतांशी जर्मनभाषक विकृतिशास्त्रज्ञांच्या शवविच्छेदनाच्या टेबलांवर. फ्रीडरिश फॉन रेकलिंगहाउझेन यांनी १८८६ मध्ये, तेव्हा जर्मन साम्राज्यात असलेल्या स्ट्रासबुर्गमधून, या व्याधीचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. प्रागमध्ये हान्स किआरी यांनी १८९१ मध्ये कवटीच्या तळातून मानेत उतरलेल्या लहान मेंदूचे वर्णन केले. १८९४ मध्ये हायडेलबर्गच्या युलिउस आर्नोल्ड यांनी स्पायना बिफिडा असलेल्या एका अर्भकात तसाच बदल नोंदवला. स्टुटगार्टजवळच्या झिंडेलफिंगेनहून, जिथल्या मराठी कुटुंबांचा या लेखात पुढे विचार केला आहे, स्ट्रासबुर्ग आणि हायडेलबर्ग दोन्ही मोटारीने दीड-दोन तासांवर आहेत. या आजाराच्या ज्ञानाच्या इतिहासाचा एक मोठा भाग तेवढ्या टापूत घडला.

किआरींनी अशा बदलांचे प्रकार पाडले; त्यांतला दुसरा प्रकार उघडा स्पायना बिफिडा असलेल्या जवळजवळ सर्व मुलांत आढळतो. पाठीतल्या उघड्या जागेतून मेंदूभोवतीचा द्रव गर्भातच गळत राहतो. आतून दाब नसल्याने कवटीचा मागचा कप्पा पुरेसा मोठा होत नाही आणि त्यात वाढणाऱ्या लहान मेंदूला जागा कमी पडून तो खाली सरकतो. मध्यमेंदूचा छताकडचा भाग चोचीसारखा ओढला जातो. मेंदूच्या दोन अर्धगोलांना जोडणारा तंतूंचा पूल, म्हणजे कॉर्पस कॅलोसम, कित्येक मुलांत अपुरा राहतो. पाठीतली फट जितकी वर, तितके हे बदल सहसा जास्त. म्हणून छातीच्या पातळीवर दोष असलेल्या मुलांची बोधात्मक स्थिती कमरेच्या किंवा त्याखालच्या दोषाच्या मुलांपेक्षा सरासरीने अवघड असते. बुद्धीची कथा अशा रीतीने पाठीत सुरू होऊन कवटीत पोहोचते, आणि तीही जन्माआधीच.

यापुढची अडचण पाण्याची. मेंदूतला द्रव वाहून जाण्याचे मार्ग आक्रसल्याने तो पोकळ्यांत साठतो, पोकळ्या फुगतात आणि डोके मोठे होऊ लागते. यालाच जलशीर्ष म्हणतात. घरांतून 'डोक्यात पाणी झालंय' असे सांगितले जाते. १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत यावर टिकाऊ उपाय नव्हता. १९५५ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाजवळ राहणाऱ्या जॉन होल्टर या तंत्रज्ञाच्या घरी स्पायना बिफिडा असलेला मुलगा जन्मला. होल्टर यांनी शल्यविशारद यूजीन स्पिट्झ यांच्यासोबत सिलिकॉनची एकाच दिशेने उघडणारी छोटी झडप तयार केली. शंट म्हणून ओळखली जाणारी नळी आणि तिच्यातली ही झडप यांनी साठलेले पाणी शरीरात दुसरीकडे वळवले आणि हजारो मुले जगू लागली. बुद्धीच्या दृष्टीने शंटचा हिशेब दुहेरी आहे. दाब वेळेवर कमी झाला तर मेंदूचे नुकसान टळते. पण नळी तुंबली, किंवा तिच्यातून मेंदूच्या पोकळ्यांना संसर्ग झाला, तर कमावलेले हातचे जाते. शिकागोच्या डेव्हिड मॅक्लोन आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवले की जलशीर्षापेक्षाही मेंदूला झालेला संसर्ग या मुलांच्या बुद्धीची मर्यादा ठरवतो. युगांडातल्या जलशीर्ष असलेल्या बालकांवरच्या २०१७ मधल्या अभ्यासात शंट आणि दुर्बिणीने केलेली पर्यायी शस्त्रक्रिया यांची तुलना झाली. तीत वर्षभरानंतरच्या बोधात्मक गुणांत फरक पडला नाही. कोणती शस्त्रक्रिया निवडली यापेक्षा ती वेळेवर आणि स्वच्छतेने झाली का, हे बहुधा महत्त्वाचे.

या मुलांची बुद्धी एका आकड्यात मागण्याची सवय निरुपद्रवी राहिलेली नाही, आणि जर्मनीत तर ती मुळीच नव्हती. १८ ऑगस्ट १९३९ च्या एका गुप्त परिपत्रकाने डॉक्टरांना आणि सुइणींना तीन वर्षांखालच्या ज्या मुलांची नोंद देणे बंधनकारक झाले, त्यांत जलशीर्ष असलेली आणि डोक्याच्या वा कण्याच्या गंभीर दुभंगासह जन्मलेली मुले स्पष्टपणे नमूद होती. त्यांतल्या हजारो मुलांना नंतर 'विशेष विभागांत' मारण्यात आले. प्रौढांसाठीच्या समांतर मोहिमेत झिंडेलफिंगेनहून फार दूर नसलेल्या श्वेबिश आल्ब डोंगरावरच्या ग्राफेनेकमध्ये १९४० च्या एका वर्षात १०,६५४ माणसांची हत्या झाली. युद्धानंतरही, अगदी वेगळ्या आणि प्रामाणिक हेतूने, शेफिल्डच्या जॉन लॉर्बर यांनी १९७१ मध्ये ५२४ मुलांच्या निष्कर्षांवरून कोणावर उपचार करू नयेत याचे निकष सुचवले. मॅक्लोन यांच्या गटाने मुलांची निवड न करता सर्वांवर उपचार केले, तेव्हा बहुसंख्य मुलांची बुद्धी सामान्य कक्षेत राहिली. लॉर्बर यांच्या निकषांना तथ्यांनी दिलेले उत्तर ते हेच.

सामान्य कक्षा म्हणजे काय, हे पाहिले की असमानता समोर येते. या मुलांचा सरासरी बुद्ध्यांक लोकसंख्येच्या १०० या सरासरीहून थोडा खाली असतो, आणि शंट लागलेल्या मुलांत आणखी थोडा. पण शाब्दिक गुण आणि कृतीवर आधारित गुण यांत अंतर असते: शब्दसंग्रह, माहिती, म्हणी सांगणे यांत मूल चांगले, ठोकळ्यांची रचना, आकृत्या जुळवणे, नकाशावर दिशा शोधणे यांत मागे. टोरांटोच्या मॉरीन डेनिस, टेक्सासचे जॅक फ्लेचर आणि मार्शा बार्न्स यांनी तीन दशके या मुलांच्या क्षमता एकेक करून मोजल्या. त्यांचा निष्कर्ष शाब्दिक-अशाब्दिक या जुन्या विभागणीपेक्षा खोल जातो. जे काम सवयीने, जोडणीने, पुन्हापुन्हा ऐकून किंवा पाहून मनात बसते, ते या मुलांना जमते. अनेक तुकडे त्याच क्षणी मनात धरून त्यांतून नवे काही रचायचे असेल, तर अडचण येते. शब्द लक्षात राहतो, पण बोललेल्यातला न बोललेला अर्थ काढणे जड जाते. चेहरा ओळखता येतो, पण कागदावरची आकृती मनात फिरवून पाहता येत नाही. भेद विषयात नाही, मनाला करावयाच्या क्रियेत आहे.

भाषेतच हे सर्वांत स्पष्ट दिसते. १९६२ मध्ये स्वीडनमधल्या डॉक्टरांनी जलशीर्ष असलेल्या मुलांच्या बोलण्याच्या एका ढंगाला 'कॉकटेल पार्टी' असे नाव दिले. नाव फारसे सभ्य नाही, पण वर्णन बिनचूक होते. मूल न अडखळता, मोठ्यांच्या वळणाने, शिष्टाचाराची वाक्ये वापरत बोलते; विषय मात्र एका जागी राहत नाही आणि बोलण्याच्या मानाने आशय थोडा असतो. हा ढंग प्रत्येक मुलात नसतो आणि वय वाढेल तसा कमीही होतो. त्याचे सौम्य रूप मात्र कित्येक मुलांत राहते. गोष्ट ऐकून झाल्यावर मूल शेवटचे वाक्य जसेच्या तसे सांगते. पण आजीने दार का उघडले नाही, असे विचारले की अडते, कारण ते कारण गोष्टीत लिहिलेले नसून दोन प्रसंग जोडून काढायचे असते. वाचनातही तेच: मोठ्याने वाचण्यात चुका थोड्या, उताऱ्यावरच्या प्रश्नांत जास्त. मराठी घरांत अशा मुलाचे 'किती चुणचुणीत बोलतो' म्हणून कौतुक होते. कौतुक खोटे नाही. मात्र त्याच्या आड उरलेल्या क्षमता तपासायच्या राहून जातात, आणि नुकसान तिथे होते.

गणितात उलट घडते. तिथे अडचण लपत नाही. हातचा घेताना अंक चुकीच्या रकान्यात जातो, वजाबाकीत हातचा द्यायचा राहतो, अंदाज भलतेच येतात आणि शाब्दिक उदाहरणात कोणती माहिती वापरायची आणि कोणती सोडायची हे ठरत नाही. बार्न्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अर्भकावस्थेपासून शाळकरी वयापर्यंत मुलांचा माग ठेवला. तीन वर्षांच्या वयात कार्यस्मृती, म्हणजे एखादी गोष्ट मनात धरून तिच्यावर काम करण्याची क्षमता, जितकी असते, तिचा पुढच्या गणिताशी जवळचा संबंध त्यांना आढळला. गणिताची बीजे अशा रीतीने अंक शिकण्याच्या फार आधी पडलेली असतात.

मराठी आणि जर्मन या दोन भाषांत वाढणाऱ्या मुलासाठी या गणिताला आणखी एक पदर आहे. जर्मनमध्ये २५ ला 'पाच आणि वीस' म्हणतात, मराठीतही पंचवीसमध्ये पाच आधी येतो. अंक मात्र दोन्हीकडे दशकापासून लिहिला जातो. मराठीत शिवाय एकोणतीस, एकोणचाळीस अशा संख्यांत पुढच्या दशकातून एक वजा करावा लागतो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस पाच' अशी पर्यायी रीत आली. गणितज्ञ मंगला नारळीकर यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीचा तो निर्णय होता आणि त्यावर महाराष्ट्रात मोठा वाद झाला. भाषेच्या सौंदर्याबद्दलचे आक्षेप आपल्या जागी असतील. पण ज्या मुलाची कार्यस्मृती आधीच ताणलेली आहे, त्याला ऐकलेली संख्या उलटी करून लिहायला लावणे हे गणित नसून वरचा भार आहे. अशा मुलाला दशक आधी बोलून दाखवायला कोणाची परवानगी लागू नये.

लक्ष देण्याच्या क्षमतेतही असाच विशेष आहे. सुमारे एक तृतीयांश मुलांत लक्ष-दोषाची लक्षणे आढळतात, पण खोडकर धावपळीची नव्हे, तर हरवल्यासारखे बसून राहण्याची. वर्गात असे मूल त्रास देत नाही, म्हणून ते शिक्षकांच्या नजरेत येत नाही. मध्यमेंदूतल्या बदलांमुळे एका गोष्टीवरून लक्ष काढून दुसरीकडे वळवायला या मुलांना वेळ लागतो. एकदा लक्ष बसले की ते टिकवणे त्या मानाने कमी अवघड असते. अगदी थोड्या, क्षणाच्या अंशाच्या, कालावधींतला फरक ओळखणे आणि ताल धरणे हेही लहान मेंदूतल्या बदलांमुळे कठीण जाते.

या सगळ्यात एक निष्कर्ष विशेष उत्साहवर्धक आहे आणि त्याची जितकी चर्चा व्हायला हवी तितकी होत नाही. आरशात पाहून आकृती गिरवण्याच्या प्रयोगात स्पायना बिफिडा असलेली मुले सुरुवातीला इतरांपेक्षा वाईट गिरवतात, पण सरावाने त्यांची सुधारणा इतर मुलांच्याच वेगाने होते. सुरुवातीची पातळी खालची असते, शिकण्याचा वेग तोच राहतो. 'याला जमत नाही' आणि 'याला शिकता येत नाही' या दोन वाक्यांतले अंतर इथे मोजून दाखवता येते.

विकासाची असमानता पहिल्या वर्षातच दिसू लागते. खुळखुळा हलवला की आवाज होतो, दोरी ओढली की झुंबर फिरते, हा कार्यकारणभाव ही बाळे थोडा उशिरा पकडतात, कारण त्यासाठी हात, नजर आणि वेळ यांची सांगड घालावी लागते. ह्यूस्टनच्या सुसान लँड्री यांच्या अभ्यासांतून दिसले की आईबाप बाळ ज्या वस्तूकडे पाहत आहे तिच्याबद्दलच बोलतात, त्याचे लक्ष दुसरीकडे ओढत नाहीत, तेव्हा बाळाच्या शोधक वृत्तीला बळ मिळते. लक्ष वळवणे जड असलेल्या बाळासाठी हे अगदी तर्काला धरून आहे. महागडी खेळणी यात कुठेच येत नाहीत.

झिंडेलफिंगेनमधल्या मराठी घरांत या सगळ्याची गाठ एका विशिष्ट व्यवस्थेशी पडते. स्टुटगार्टच्या नैर्ऋत्येला, ब्योबलिंगेन जिल्ह्यातल्या या शहरात डाइमलरने काढलेला, आताचा मर्सिडीज-बेंझचा, कारखाना १९१५ पासून आहे. स्टुटगार्ट आणि मुंबई १९६८ पासून भगिनी-शहरे आहेत, आणि मर्सिडीज-बेंझचा चाकणचा कारखाना २००९ मध्ये सुरू झाल्यापासून पुण्याच्या अभियंत्यांची या भागात ये-जा वाढली. ही कुटुंबे इथे तरुण वयात येतात, मुले इथे जन्मतात किंवा इथल्या किंडरगार्टनमध्ये वाढतात, आणि आजी-आजोबा व्हिडिओ कॉलवर असतात.

स्पायना बिफिडा असलेल्या मुलासाठी जर्मन व्यवस्थेत चांगले म्हणण्यासारखे पुष्कळ आहे. बालरोगतज्ज्ञाकडे जन्मापासून ठरलेल्या वयात होणाऱ्या तपासण्या पिवळ्या वहीत नोंदवल्या जातात. बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, फिजिओथेरपिस्ट आणि वाचातज्ज्ञ एकाच छपराखाली असलेली सामाजिक-बालरोग केंद्रे, ज्यांना सगळे एसपीझेड म्हणतात, ही कल्पना थिओडोर हेलब्र्युगे यांनी १९६८ मध्ये म्युनिकमध्ये प्रत्यक्षात आणली. आज अशी केंद्रे देशभर आहेत. स्टुटगार्टचे ओल्गाहॉस्पिटल हे मुलांचे रुग्णालय तर १८४२ पासून चालू आहे. पालकांची संघटना १९६६ मध्ये स्थापन झाली आणि तिच्या नावातच स्पायना बिफिडा आणि हायड्रोसेफलस दोन्ही आहेत. शाळेत जाण्याआधी फ्रूफोर्डरुंग, म्हणजे घरी किंवा किंडरगार्टनमध्ये येऊन दिली जाणारी विकासाला चालना, आणि शाळेत गरज असेल तर सोबतीला मदतनीस मिळू शकतो. परीक्षेत जादा वेळ, मोठ्या चौकटींचा कागद किंवा तोंडी उत्तरांची मुभा यांना नाख्टाइल्सआउसग्लाइश म्हणतात. मात्र हे आपोआप मिळत नाही; अर्ज करावा लागतो, आणि अर्जात अडचण नेमकी लिहावी लागते. 'मूल अपंग आहे' एवढ्याने भागत नाही.

अडचण नेमकी लिहायची तर ती नेमकी मोजावी लागते, आणि दुभाषिक मुलाच्या बाबतीत मोजमापच दोन्ही बाजूंनी फसू शकते. बाडेन-वुर्टेमबर्गमध्ये शाळाप्रवेशाची तपासणी जिल्ह्याचे आरोग्य कार्यालय किंडरगार्टनच्या शेवटच्या वर्षाआधीच सुरू करते आणि तीत भाषेवर भर असतो. जर्मन चाचण्यांचे निकष मुख्यतः एकच भाषा बोलणाऱ्या मुलांवर बेतलेले असतात. त्यामुळे घरी मराठी बोलणाऱ्या मुलाची खरी भाषा त्यात पुरती उतरत नाही. म्हणून स्थलांतरितांच्या मुलांना अशाब्दिक बुद्धिचाचणी देण्याची पद्धत पडली आहे: आकृत्या जुळवा, ठोकळे मांडा, रिकामी जागा भरा. एरवी हा न्याय्य तोडगा आहे. स्पायना बिफिडा असलेल्या मुलाला मात्र ही चाचणी त्याच्या सर्वांत कमकुवत बाजूवर मोजते. एकीकडे भाषा कमी दिसते, दुसरीकडे बुद्धी कमी दिसते, आणि दोन्ही आकडे एकाच अहवालात आले की मुलाचे चित्र त्याच्या प्रत्यक्षाहून कितीतरी खाली जाते. उलट टोकाला, मूल किंडरगार्टनमध्ये श्वेबिश वळणाचे जर्मन, घरी मराठी आणि कार्टूनचे इंग्रजी फाडफाड बोलत असेल तर मोठी माणसे इतकी भारावतात की चाचणीची गरजच कोणाला वाटत नाही. पालकांनी मानसशास्त्रज्ञाला दोन गोष्टी आधी सांगाव्यात: घरी कोणती भाषा किती बोलली जाते, आणि मुलाला शंट आहे की नाही. एकच बेरीज न मागता प्रत्येक उपचाचणीचा गुण वेगळा मागावा. मराठी बंद करून फक्त जर्मन बोला, असा सल्ला अजूनही अधूनमधून मिळतो. तो मानण्याचे कारण नाही. दोन भाषांमुळे विकासाच्या अडचणी असलेल्या मुलांचे नुकसान होते असे संशोधनातून दिसलेले नाही, आणि आजीशी बोलता न येणे हे नुकसान मात्र खरे असते.

२०१५ मध्ये बाडेन-वुर्टेमबर्गने विशेष शाळेची सक्ती काढून टाकली. तेव्हापासून नेहमीच्या शाळेत मदतीसह शिकायचे की शारीरिक व हालचालीच्या विकासासाठीच्या विशेष केंद्रात, हा पर्याय पालकांसमोर असतो. चौथीनंतर मुलांची वेगवेगळ्या शाळांत वाटणी होते. गणितातला मागे पडणारा गुण तिथे जास्त बोलतो, त्यामुळे हातचा, रकाने आणि वेळ यांवरचे काम दुसरी-तिसरीत सुरू झालेले बरे. महाराष्ट्रातही दहावीच्या परीक्षेत दिव्यांग विद्यार्थ्यांना जादा वेळ आणि लेखनिक मिळतो. तिथली उणीव सवलतींची नसून त्याआधीच्या दहा वर्षांतल्या तपासणीची आहे.

शाळकरी वयात एक गोष्ट वैद्यकीय आणि शैक्षणिक अशी दोन्ही असते. अक्षर अचानक बिघडणे, गृहपाठ विसरणे, दुपारी झोप येणे, डोकेदुखी, चिडचिड, गुण घसरणे ही आळसाची लक्षणे वाटतात. शंट हळूहळू तुंबत असल्याचीही तीच लक्षणे असू शकतात. मूल आधी करत असलेली गोष्ट करेनासे झाले, तर शिकवणी लावण्याआधी न्यूरोसर्जनला दाखवावे.

किशोरवयात असमानतेची परीक्षा दप्तराबाहेर होते. बहुतेक मुलांना दर तीन-चार तासांनी स्वच्छ नळीने लघवी काढावी लागते. १९७२ मध्ये अमेरिकेतल्या जॅक लापिडेस यांनी ही पद्धत रूढ केली आणि तिने असंख्य मूत्रपिंडे वाचवली. हाताने ती करणे मूल आठ-दहा वर्षांचे होईतो शिकते. अवघड असते ते ठरल्या वेळी आपणहून आठवणे, हातातला खेळ थांबवणे, साहित्य बरोबर घेणे. नियोजन, आरंभ आणि पुढे करायच्या गोष्टीची आठवण या कार्यकारी क्षमता आहेत आणि त्यांचाच कस लागतो. शिकागोत ग्रेसन होमबेक यांच्या गटाने अनेक वर्षे कुटुंबांचा पाठपुरावा केला, तेव्हा ही मुले स्वावलंबनात बरोबरीच्यांपेक्षा साधारण दोन वर्षे मागे दिसली. मराठी घरांत हे अंतर प्रेमाने वाढते. मूल बारा वर्षांचे झाले तरी आईच घड्याळ पाहते. मोबाइलचा गजर, भिंतीवरचा तक्ता आणि विसरल्यास होणाऱ्या परिणामाला एकदा सामोरे जाऊ देणे, हे दाखवलेल्या दयेपेक्षा उपयोगी पडते.

गर्भातच पाठ मिटवण्याची शस्त्रक्रिया हा या विषयातला सर्वांत गाजलेला बदल. अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०११ मध्ये आले. २६ व्या आठवड्याआधी गर्भाशय उघडून शस्त्रक्रिया केलेल्या मुलांपैकी वर्षभरात ४० टक्क्यांना शंट लागला, जन्मानंतर शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ८२ टक्क्यांना. लहान मेंदू खाली सरकण्याचे प्रमाणही घटले. या शस्त्रक्रियेने अकाली प्रसूतीचा आणि आईच्या गर्भाशयाच्या जखमेचा धोका वाढतो, हेही त्याच चाचणीत दिसले. शाळकरी वयात हीच मुले पुन्हा तपासली तेव्हा चालणे आणि स्वतःची कामे यांत फायदा टिकून होता. बोधात्मक आणि वर्तनविषयक मुख्य मोजमापांत मात्र दोन गटांत ठळक फरक आढळला नाही. मेंदूतले बरेच बदल शस्त्रक्रियेच्या वेळेपर्यंत घडून गेलेले असतात, हे त्याचे एक संभाव्य कारण.

म्हणून बुद्धीच्या दृष्टीनेही सर्वांत खात्रीचा उपाय त्या २८ दिवसांच्या आधीचा आहे, आणि त्याची सुरुवात मुंबईत झाली. १९२८ मध्ये लूसी विल्स या इंग्लिश डॉक्टर मुंबईतल्या कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर स्त्रियांच्या गंभीर पंडुरोगाचा शोध घ्यायला आल्या. यीस्टच्या अर्काने, म्हणजे बाजारात मिळणाऱ्या मार्माइटने, तो बरा होतो हे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातला घटक म्हणजे पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखले गेलेले जीवनसत्त्व. १९४१ मध्ये ते पालकाच्या पानांतून वेगळे करण्यात आले. आधी असे मूल झालेल्या स्त्रियांना फॉलिक आम्ल दिल्यास पुन्हा तसे होण्याचा धोका ७२ टक्क्यांनी कमी होतो, हे ब्रिटिश वैद्यकीय संशोधन मंडळाच्या चाचणीने १९९१ मध्ये सिद्ध केले. अमेरिकेने १९९८ पासून धान्याच्या पिठात ते घालणे सक्तीचे केले. पुण्यात केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने शाकाहारी समाजातल्या ब-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेकडे लक्ष वेधले. २०११ मधल्या एका अभ्यासात, ज्यांच्या बाळांना मज्जानलिकेचा दोष होता अशा भारतीय मातांत या जीवनसत्त्वाची उपलब्धता कमी आढळली. भारतात रेशनवरच्या तांदळात पुढे लोह, फॉलिक आम्ल आणि ब-१२ घालण्यात आले.

जर्मनीत पिठात फॉलिक आम्ल घालणे सक्तीचे नाही. झिंडेलफिंगेनच्या बेकरीतल्या पावातून ते मिळेल असे गृहीत धरू नये. मूल हवे असेल तर किमान चार आठवडे आधीपासून पहिले तीन महिने संपेपर्यंत रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी घ्यावी. शाकाहारी असल्यास ब-१२ तपासून घ्यावे. घरात आधी स्पायना बिफिडाचे मूल झाले असेल, तर दहापट मात्रा लागते आणि ती डॉक्टरांनीच ठरवायची असते.